काळा पडदा: हॅकिन्टॉशच्या ग्राफिक्स पॅचची वीस वर्षं

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण गोष्ट लग्नाच्या व्हिडिओपासून सुरू होते, तेव्हा लगेच बंद करू नका. आणि मध्ये थोडे आकडे येणार आहेत, त्यामुळे ऐकण्यापेक्षा हा भाग वाचायला सोपा जाईल.

नोव्हेंबर २०१८. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळी नुकतीच झालेली, तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे फोटो-व्हिडिओवाल्यांचा सीझन उघडणार. माझ्या मामांचा सोलापुरात नवी पेठेत एका जिन्यावर छोटा स्टुडिओ. एडिटिंग फायनल कटवर. फायनल कट फक्त मॅकवर चालायचं आणि मॅक घ्यायचे पैसे तेव्हा नव्हते, म्हणून आदल्या वर्षी मीच सुटे भाग जोडून त्यांना एक मशीन बनवून दिलं होतं: इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० कार्ड, आणि आत मॅकओएस हाय सिएरा. ॲपलचा नसलेला पीसी, त्यावर ॲपलची सिस्टीम. यालाच हॅकिन्टॉश म्हणतात.

त्या संध्याकाळी कोपऱ्यात मोहावेच्या अपडेटची सूचना आली आणि मी दाबली. कुणी सांगितलं नव्हतं, आधी काही वाचलं नव्हतं. चूक सरळसरळ माझी. मशीन परत सुरू झालं तेव्हा रिझोल्यूशन गंडलेलं, माउस फरफटत चाललेला, खालचा डॉक पारदर्शक असायचा तो मातकट राखाडी. फायनल कट उघडेना.

मामा चहा घेऊन वर आले. "काय करायलास रे?"

एका गिऱ्हाइकाचं प्री-वेडिंग शूट चार दिवसांनी हळदीच्या रात्री पडद्यावर दाखवायचं कबूल केलेलं होतं. फुटेज वेगळ्या डिस्कवर सुरक्षित होतं, पण ते जोडणारं मशीनच बसलं होतं. जुन्या सिस्टीमचा बॅकअप? मीच म्हणालो होतो, पुढच्या महिन्यात घेऊ.

पुढच्या चार रात्री मी जे शिकलो ते समजायला थोडं मागे जावं लागेल. थेट २००५ मध्ये.

६ जून २००५ ला स्टीव्ह जॉब्सनी जाहीर केलं की मॅक आता पॉवरपीसी चिप सोडून इंटेलवर जाणार. डेव्हलपरांना सरावासाठी ९९९ डॉलर भाड्याने एक मशीन मिळालं. बाहेरून पॉवरमॅकचा डबा, आत ३.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणि मदरबोर्डवरचंच इंटेल जीएमए ९०० ग्राफिक्स. म्हणजे आतून तो जवळपास आपल्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतला पीसीच. त्यातली सिस्टीम त्याच वर्षी बाहेर फुटली. ती साध्या पीसीवर चालू नये म्हणून घातलेली कुलपं लोकांनी तोडली. २००६ मध्ये खरे इंटेल मॅक आल्यावर मॅक्सस या टोपणनावाच्या एका हॅकरचे पॅच सगळीकडे फिरू लागले.

आता गंमत बघा. ज्याच्या पीसीत तेच जीएमए ९०० होतं, त्याचं ग्राफिक्स बऱ्यापैकी आपसूक चालायचं, कारण ॲपलने ड्रायव्हर त्याच चिपसाठी लिहिला होता. ज्याच्याकडे दुसरं कार्ड, त्याच्या नशिबी कूर्मगतीचा, खडबडीत पडदा. हॅकिन्टॉशचं अर्धं दुखणं पहिल्या दिवसापासून ग्राफिक्सचं आहे ते यामुळे. प्रोसेसर इंटेलचाच असला तर तो चालतो. हार्डडिस्क चालते. पण कोणत्या मॅकमध्ये कोणतं कार्ड आहे आणि त्याच्या कोणत्या भोकात कोणती वायर जाते, हे ॲपलला आधीच माहीत असतं. म्हणून ड्रायव्हर ते विचारतच नाही, गृहीत धरतो. ते गृहीतक तुमच्या मदरबोर्डवर खोटं ठरलं की पडदा काळा.

सुरुवातीचे उपाय दांडगाईचे होते. जेएएस, कॅलीवे, आयॲटकॉस अशा नावांच्या तयार डीव्हीडी निघायच्या, त्यात ॲपलच्या मूळ फायलीच बदललेल्या. नेटिट, एनव्हीइंजेक्ट असे छोटे केक्स्ट कार्डाची माहिती बाहेरून सिस्टीमला पुरवायचे. केक्स्ट म्हणजे मॅकच्या कर्नलला जोडायचा तुकडा, विंडोजवाल्यांच्या भाषेत ड्रायव्हर. ग्राफिक्स लागलंय की नाही हे ओळखायची त्या काळातली चाचणी मला फार आवडते: डॅशबोर्डवर एखादं विजेट टाकायचं. पाण्यात खडा टाकल्यासारखी लहर उठली तर ग्राफिक्स चालू. नाही उठली तर आणखी एक रात्र जागा. मी तेव्हा शाळेत होतो, हे सगळं नंतर जुनं वाचून कळलं. पण मोहावेत तो मातकट डॉक बघताना मी नेमकी तीच चाचणी करत होतो, फक्त लहरीऐवजी पारदर्शकपणा शोधत होतो.

फायली बदलण्यात गोची अशी की ॲपलचं अपडेट आलं की बदललेली फाइल गेली आणि तुमचा पडदाही गेला. म्हणून २००८ नंतर विचार पालटला: सिस्टीमला हात लावायचा नाही, ती सुरू होण्याआधी बूटलोडरने तिच्या कानात काय सांगायचं ते सांगायचं. ॲपलनेच खुल्या केलेल्या जुन्या बूटलोडरच्या कोडवर डेव्हिड इलियट यांनी हे दाखवून दिलं. मग कॅमेलियन आला, त्यात ग्राफिक्सएनेबलर नावाचं एक बटणच होतं. नंतर क्लोव्हर, आणि २०१९ पासून ओपनकोअर.

याच काळात फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने मॅक टाकलेले पीसी उघड विकायला काढले. एप्रिल २००८ मध्ये विक्री, जुलैमध्ये ॲपलचा खटला, नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांचा ॲपलच्या बाजूने निकाल, डिसेंबरमध्ये कायमची बंदी. हे सांगतोय कारण मामांच्या मशीनबद्दल मला कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. ॲपलच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय की ही सिस्टीम ॲपलच्या मशीनवरच टाकायची. आम्ही तो मोडला होता. ॲपलने सिस्टीममध्ये 'डोंट स्टील मॅक ओएस एक्स' या नावाचा केक्स्ट ठेवला आहे. फाइंडर आणि डॉकसारखे कूटबद्ध प्रोग्राम तो उघडतो, आणि त्यासाठीची किल्ली फक्त खऱ्या मॅकमधल्या चिपकडे असते. हॅकिन्टॉशमध्ये त्या चिपचं सोंग घ्यावं लागतं. नाव वाचून मला दर वेळी थोडं लाजल्यासारखं होतं, खरंच.

तर, मोहावेत नेमकं काय झालं? एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर मॅकओएसमध्ये नव्हतेच. एनव्हिडिया ते वेगळे द्यायची, त्यांना वेब ड्रायव्हर म्हणत. पास्कलचे एप्रिल २०१७ मध्ये आले, आणि जीटीएक्स १०६० पास्कलच. हे ड्रायव्हर सिस्टीमच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाला बांधलेले असायचे. साधं सुरक्षा अपडेट आलं तरी बिल्ड बदलायचा आणि ड्रायव्हर रुसायचा, मग लोक त्याच्या फाइलमधला क्रमांक हाताने बदलून त्याला समजवायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये मोहावे आली आणि तिच्यासाठी वेब ड्रायव्हर आलेच नाहीत. पुढेही आले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये एनव्हिडियाने कुडा १०.२ ही मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगून टाकलं. मी कुठला आकडा बदलून समजवू? समजवायला ड्रायव्हरच नव्हता.

दुसऱ्या रात्री हे पक्कं झालं तेव्हा मी कार्ड उपसून बाजूला ठेवलं. आय-फाइव्ह ८४०० च्या पोटात इंटेलचं यूएचडी ६३० ग्राफिक्स असतं आणि ते मोहावेला चालतं. मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावली आणि मशीन सुरू केलं. ॲपलचं चिन्ह आलं, खालची पट्टी भरत गेली, आणि ती भरता भरता पडदा काळा.

इथे लिलू आणि व्हॉटएव्हरग्रीन येतात. लिलू हा व्हीआयटी ९६९६ या नावाने लिहिणाऱ्या डेव्हलपरचा केक्स्ट. ॲपलच्या डिस्कवरच्या फायलीला तो शिवत नाही. सिस्टीम सुरू होताना ती मेमरीत चढते, तिथल्या तिथे हवे ते बाइट बदलतो. मशीन बंद केलं की बदल गायब, मूळ फाइल कोरी करकरीत. इंटेल, एनव्हिडिया, एएमडी अशा प्रत्येकासाठी त्यावर वेगवेगळे तुकडे होते, ते २०१८ मध्ये व्हॉटएव्हरग्रीन या एकाच केक्स्टमध्ये गोळा झाले. म्हणजे मी खड्ड्यात पडलो त्याच वर्षी शिडी तयार झाली होती. माझं नशीब, दुसरं काय.

इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये एक तक्ता असतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक मॅक: किती पोर्ट, कोणत्या जातीचे, मेमरी किती. कोणती ओळ घ्यायची हे 'प्लॅटफॉर्म-आयडी' ठरवतो. आमच्यासाठीची ओळ ३ई९बी०००७. हा आकडा कॉन्फिगमध्ये लिहिताना बाइट उलट क्रमाने लिहावे लागतात: ०७००९बी३ई. पूर्ण एक रात्र माझी या उलटसुलटीत गेली. मी सुलट लिहीत होतो आणि इंटेलला दोष देत होतो.

आकडा सुधारला तरी पडदा काळाच. पण कॅप्स लॉकचा दिवा पेटत-विझत होता. म्हणजे मशीन जिवंत, आंधळा फक्त पडदा. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं, कारण मशीन गोठलं असेल तर दुखणं निराळं. लॅपटॉपवाल्यांना हमखास भेटणारं एक सांगतो: बायोस ग्राफिक्सला ३२ एमबीच राखून देतो, तक्त्यातली ओळ त्याहून जास्त मागते, आणि कर्नल धाडकन कोसळतं. तिथे ओळीतली मागणीच १९ आणि ९ एमबीवर आणून ठेवतात. आमचं तसं नव्हतं. मामांनी स्क्रीन शेअरिंग कधीचं चालू करून ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवरून वायफायने आत शिरलो आणि तो काळा पडदा माझ्या लॅपटॉपवर मस्त रंगीत दिसला! डॉकसुद्धा पारदर्शक. ग्राफिक्स लागलं होतं, फक्त केबलमधून बाहेर पडत नव्हतं.

टर्मिनलमध्ये आयओरेग चालवून बघितलं. तक्त्याच्या त्या ओळीत तीन पोर्ट, तिन्हींची जात डिस्प्लेपोर्ट. आमच्या बोर्डवर त्यातल्या एका जागी एचडीएमआय. ड्रायव्हर एचडीएमआयच्या वायरीवर डिस्प्लेपोर्टची भाषा बोलत होता आणि मॉनिटर बिचारा समजत नाही म्हणून गप्प. पॅच काय, तर त्या पोर्टच्या जातीचा ०००४०००० हा आकडा ०००८०००० करायचा, आणि बस क्रमांक बोर्डच्या वायरिंगप्रमाणे बदलायचा. बस क्रमांक कुठे लिहिलेला नसतो. एकेक घालायचा, रीस्टार्ट करायचं, बघायचं. वहीत खुणा करत बसलो होतो. पहाटे साडेचारच्या सुमाराला पडदा क्षणभर जांभळा झाला आणि मग डेस्कटॉप आला. मामा खुर्चीतच झोपले होते. उठवलं नाही.

एफेक्ट लावले की मशीन धापा टाकायचं, तरी प्री-वेडिंग हळदीच्या दिवशी दुपारी तीन वाजता पेनड्राइव्हवर गेलं. ड्रोनचे शॉट मामांनी निम्मे कापले. गिऱ्हाइकाला कळलं नाही, मला अजून ते शॉट आठवतात.

पुढचा इतिहास झपकन सांगतो. एनव्हिडिया गेल्यावर सगळे एएमडीकडे वळले. तिथेही आरएक्स ५७०० सारख्या कार्डांवर काळा पडदा यायचा. कारण पुन्हा तेच: ॲपलचा एक केक्स्ट मॅकच्या बोर्डचं नाव बघून कोणतं कार्ड कसं वागवायचं ते ठरवतो. बूट करताना एजीडीपीमॉड=पायकेरा असा शब्द घातला की तो बघणं सोडतो. पायकेरा म्हणजे कुठला तांत्रिक शब्द नाही, ही युक्ती शोधणाऱ्या पाइक आर. अल्फाचं नाव आहे. आज आडनावासकट एका माणसाला लोक रोज बूट करतात. मग २०२१ च्या माँटेरीने इंटेल एचडी ४००० आणि एनव्हिडिया केपलरचे ड्रायव्हरच काढून टाकले. खऱ्या जुन्या मॅकवाल्यांसाठी ओपनकोअर लेगसी पॅचर आला, आणि तो काढलेल्या फायली परत डिस्कवर नेऊन ठेवतो. पुन्हा २००६ सारखी फायलींची अदलाबदल, यावेळी ॲपलच्याच मशीनवर.

२२ जून २०२० ला ॲपलने स्वतःच्या चिपची घोषणा केली. जून २०२५ मध्ये सांगितलं की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. आता तक्त्यात नवीन ओळी येणार नाहीत.

मामांनी मध्यंतरी एम-वनवाला मॅक मिनी घेतला. बोटाएवढा डबा, आवाज नाही, जे हवं ते मुकाट चालतं. माझं मशीन अजून स्टुडिओत आहे, जुन्या लग्नांचे प्रोजेक्ट उघडायला. त्यात अजूनही मोहावेच. एनव्हिडियाचं कार्ड शेजारच्या कपाटात धूळ खातंय आणि मॉनिटरच्या कडेला मामांनी स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी सेलोटेपने चिकटवली आहे: अपडेट आलं तर हात लावू नये. भाच्याने तर मुळीच नाही.