भिंतीआडचा माणूस

क्ष-किरणांचा फोटो काढून घ्यावयास गेलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिली असेल. तंत्रज्ञ आपल्याला टेबलावर निजवितो, "श्वास रोखून धरा" म्हणतो आणि स्वतः चटकन भिंतीआड जातो. आमच्या एका आजीबाईंना याचा भारी राग. "मला तेथे टाकून हा का पळाला?" म्हणून त्या विचारीत. त्या चार पावलांमागे पुष्कळ इतिहास आहे, आणि तो बहुतेक हातांचा आहे.

पहिला हात एका प्राध्यापकाच्या पत्नीचा. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडीत होते. तोच दूरवरचा रासायनिक लेपाचा पडदा अंधारात उजळला! २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवविला. काचेवर हाडे आणि बोटातली अंगठी उमटली. बाईंना आपले मरणच पाहिल्यासारखे वाटले, अशी आख्यायिका आहे. राँटगेन यांनी पेटंट घेतले नाही. विद्या सर्वांना मोकळी झाली.

तोपर्यंत शरीरात शिरलेली गोळी डॉक्टरांना सळई घालून चाचपडावी लागे. आता जानेवारी १८९६ मध्येच बर्मिंगहॅमच्या डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांनी हातात रुतलेली सुई या किरणांनी टिपली.

परंतु त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी. आज नळी ठीक चालते की नाही, हे पाहावे कसे? सोपा उपाय होता: आपलाच हात नळी आणि पडदा यांच्यामध्ये धरावयाचा. हाडे स्पष्ट दिसली की नळी चांगली. दिवसातून कितीदा तरी! त्या वेळी काहीच दुखत नसे, हाच घात. कातडी लाल होई, पुढे व्रण पडत, आणि काहींना कर्करोग गाठी. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली तो वारला, आणि एडिसनने तो नादच सोडला. सुई शोधणाऱ्या हॉल-एडवर्ड्‌सनाही १९०८ मध्ये डावा हात गमवावा लागला.

हाँबुर्गमधील एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली अशांसाठी शिळा उभारली, तेव्हा तिच्यावर १६९ नावे होती. १९५९ पर्यंत ती साडेतीनशेच्या वर गेली.

आज किरणांची मात्रा फार थोडी असते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी, एमआरआयमध्ये चुंबक. सीटी स्कॅनमध्ये मात्र हेच किरण आहेत. रोग्याला ते प्रसंगी सोसावे लागतात, तंत्रज्ञाचा तर रोजचाच धंदा.

आजीबाईंना हे सारे सांगितले. क्षणभर गप्प राहून त्या म्हणाल्या, "मग जाऊ दे बापड्याला भिंतीआड."