परसदारचा समुद्र

हॉटेलच्या खोल्यांचं दरपत्रक हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावा असा कागद आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण वाचून पाहा. कोकणातलं किंवा गोव्यातलं समुद्राकाठचं कुठलंही बऱ्यापैकी हॉटेल घ्या. खोली तीच, पलंग तोच, सकाळचे पोहेही तेच. पण ‘गार्डन व्ह्यू’चा भाव एक, ‘सी व्ह्यू’चा दुसरा आणि ‘सी फेसिंग’चा तिसरा. पहिलीत झाडं दिसतात, आणि झाडांमागे बहुधा जनरेटर. दुसरीत समुद्र दिसतो, पण कुठून दिसतो ते तुम्ही शोधायचं. गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन, कठड्यावरून वाकून मान वळवली की दोन इमारतींच्या फटीत एक निळी चिंधी दिसते. तिसरीत मात्र उशीवरून डोकं न उचलता समोर समुद्र. जास्तीचे पैसे पडतात ते केवळ डोळ्यांच्या सुखाचे.

समुद्र नुसता बघायचे पैसे माणूस कधीपासून मोजायला लागला? तीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न कुठल्या पाठ्यपुस्तकात आला नाही. निवृत्तीनंतर मात्र तो माझ्या मागे लागला, त्याला कारण माझं माहेर.

माहेर दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. गावाची ठेवण आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसते तशीच. मधून एक लांबलचक अरुंद रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. आमचं घर समुद्राच्या अंगाचं, पण त्याचं तोंड रस्त्याकडे. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वैपाकघर, मागची पडवी, विहीर, आणि तिथून नारळी-पोफळीची वाडी सुरू. वाडीच्या टोकाला केवडा आणि उंडीची जुनी झाडं, त्यांच्यापलीकडे पुळण, आणि मग समुद्र. म्हणजे समुद्र आमच्या परसदारी! घरातल्या एकाही खिडकीतून तो दिसत नसे. ऐकू मात्र चोवीस तास यायचा. आषाढात तर गाज इतकी वाढे की माजघरात बोलताना आवाज चढवावा लागे.

पुण्यामुंबईचे पाहुणे यायचे आणि हळहळायचे. एवढी शोभा मागे टाकून तुम्ही मंडळी रस्त्याकडे तोंड करून काय बसता? आमचे आजोबा त्यांना हसत. समुद्रावरून येतो तो खारा वारा. त्याने खिडकीचे गज गंजतात, लाकूड कुजतं, आणि पोफळीसारखं नाजूक झाड तर करपूनच जातं. पोफळीला सावली हवी, आडोसा हवा. उंडी आणि केवडा होता तो त्या आडोशासाठी, आणि सबंध वाडी हा घराचा आडोसा. शिवाय माणसं, बैलगाड्या आणि देवाची पालखी येणार ती रस्त्याने. जिकडून माणूस येतो तिकडे घराचं तोंड, असा साधा हिशेब. पुळणीचा आणखी एक उपयोग होता. घरोघरी संडास होण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात ‘परसाकडे’ जायचं म्हणजे कुठे जायचं, ते मी सांगायला नको. सी फेसिंग खोलीचा भाव ऐकला की मला हे हटकून आठवतं. हॉटेलवाल्यांना मी ते सांगत नाही एवढंच.

समुद्राकडे डोळे लावून बसणारे लोक आमच्याकडेही होते, पण ते कामासाठी. हर्णैच्या कोळ्यांना होड्या आणि मासळीचं वाळवण नजरेखाली हवं. आणि समोरच्या सुवर्णदुर्गावर पहारेकरी. बुरुजावरून समुद्र बघणं ही त्यांची चाकरी होती, आणि परकं शीड दिसलं की पोटात गोळा. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, तेव्हा तटावर उभ्या असलेल्यांना समोरचा देखावा कसा वाटला असेल?

तुम्ही म्हणाल, हे झालं आपलं. साहेब तर समुद्राचा वेडा. तर गंमत अशी की तोही मुळात नव्हता. अलँ कॉर्बँ या फ्रेंच इतिहासकाराने १९८८ साली यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या शहाण्यासुरत्या माणसालाही किनारा म्हणजे भयाची आणि किळसेची जागा वाटे, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत त्याची ओढ कशी लागली, ते त्यात आहे.

ही ओढ लागली औषधाच्या वाटेने. इंग्लंडमधल्या रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५० साली लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी, त्यात डुंबा आणि ते प्यासुद्धा! पुढे त्याने ब्रायटन या कोळ्यांच्या गावात मोठं घर बांधलं आणि श्रीमंत रोगी तिकडे लोटले. पण तेव्हाही समुद्र म्हणजे काढाच, आणि काढ्याकडे कोणी तासन्‌तास बघत बसत नाही. १७८३ साली खुद्द युवराज तिथे आला आणि मग त्याने तिथे आपला महालही बांधला. पुढे त्यावर हिंदुस्थानी धर्तीचे घुमटही चढले. पण त्या महालाचं तोंड आहे स्टीन नावाच्या मोकळ्या मैदानाकडे, जिथे पूर्वी कोळी जाळी वाळवत. समुद्र चार पावलांवर, तरी राजपुत्राला तो समोर नको होता. ब्रायटनमध्ये मुद्दाम समुद्राकडे तोंड करून बांधलेली घरांची पहिली रांग म्हणजे रॉयल क्रेसेंट. तिचं बांधकाम १७९८ ते १८०७ या काळातलं. म्हणजे औषध घ्यायला लोक जमल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी घरांनी मान वळवली.

१८४१ साली लंडनहून ब्रायटनला रेल्वे आली आणि गर्दी झाली. १८६४ साली किनाऱ्यावर ग्रँड हॉटेल उभं राहिलं, आणि त्यात पाहुण्यांसाठी लिफ्ट होती. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जिने चढायचे असत तोवर वरचा मजला स्वस्त, नोकराचाकरांचा. लिफ्ट आली आणि हिशेब उलटा झाला. जितकं वर तितका समुद्र जास्त, आणि जितका समुद्र जास्त तितका भाव. आज आपण काउंटरवर ‘वरच्या मजल्यावरची मिळेल का?’ असं विचारतो, ते त्या पाळण्याचं देणं.

याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी सागराला उद्देशून आपली ती प्रसिद्ध कविता रचली. वर्गात ती शिकवली जाताना आमच्या कितीतरी मुलींचे डोळे पाणावलेले मी पाहिले आहेत. माझ्या मनात मात्र एक चित्र यायचं. किनाऱ्यालगत हॉटेलांची रांग, तिथे पैसे मोजून समुद्र बघायला आलेली माणसं, आणि समोर वाळूत हा एक मराठी तरुण, ज्याच्या लेखी समुद्र म्हणजे आपण आणि आपलं घर यांच्यामधलं अंतर. असो.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईत झाली असं मला वाटतं. अपोलो बंदरचं ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झालं. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा हे त्याचे मूळ शिल्पकार, आणि काम तडीस नेलं चेंबर्स या इंग्रजाने. या हॉटेलची एक दंतकथा तुम्हीही ऐकली असेल. नकाशा उलटा वाचला गेला, हॉटेलचं तोंड चुकून शहराकडे झालं, आणि ते पाहून शिल्पकाराने म्हणे जीव दिला! यात काडीचं तथ्य नाही. प्रवेश शहराच्या बाजूने होता हे खरं, पण तो मुद्दामच तसा ठेवलेला होता. पाहुणे घोडागाडीतून येणार ते शहरातून. म्हणजे पाहा, अगदी आमच्या दापोलीच्या घरासारखंच. माणूस येतो तिकडे तोंड, समुद्र मागे. फरक एवढाच की समुद्राच्या अंगाला इथे वाडी नव्हती, खोल्या होत्या. पुढे दरवाजा समुद्राकडे आला आणि जुन्या दाराच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे. मला त्या दंतकथेचंच नवल वाटतं. समुद्राकडे पाठ करणं ही ज्यांना केवळ चूकच वाटू शकते, अशी पिढी आल्याशिवाय ही गोष्ट जन्मलीच नसती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या, ओळीने, एका उंचीच्या, समुद्राकडे गॅलऱ्या काढून. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. गोव्यात १९७४ साली आग्वादच्या किल्ल्याला लागून हॉटेल सुरू झालं. ज्या तटावरून पोर्तुगीज सतराव्या शतकात डच जहाजांची टेहळणी करत, तिथे सुट्टीवर आलेली माणसं सरबत पीत बसली. टेहळणीची जागा आणि ‘व्ह्यू’ची जागा एकच असते, फक्त पोटातला गोळा गेला की भाव चढतो.

१९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत निर्बंध, आणि खेड्यांच्या बाजूला पहिले २०० मीटर जवळजवळ मोकळेच ठेवायचे. २०१९ च्या नव्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या खेड्यांसाठी हे २०० चे ५० मीटर झाले. दीडशे मीटर म्हणजे किती? आमच्या वाडीची अख्खी लांबी एवढी नाही.

आता ज्यांना फक्त चांगली खोली हवी आहे त्यांच्यासाठी थोडं. (मैत्रिणी नेहमी विचारतात.) खोली ठरवताना ‘समुद्र दिसतो का?’ असं विचारू नका. ‘पलंगावर बसून दिसतो का, आणि मध्ये काय आहे?’ असं विचारा. खोलीचा नंबर आणि मजला आधी लिहून मागा. दिवाळी आणि नाताळ टाळा. आणि काउंटरवरच्या पोराशी आवाज न चढवता बोला. मागे एका हॉटेलात आम्हाला सी व्ह्यू म्हणून पाण्याच्या टाकीसमोरची खोली दिली होती. हे तणतणायला लागले. मी त्या मुलाला म्हटलं, “बाळ, तू चल माझ्याबरोबर आणि कुठे दिसतो तेवढं दाखव.” तो आला, गॅलरीत उभा राहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खाली जाऊन दुसरी किल्ली घेऊन आला.

हे सगळं इतकं मनात घोळायचं कारण पुढचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरकडे आणि इकडे आमच्या दापोली-मंडणगडात वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीत उभी राहिली ती मोजून नऊ झाडं. टोकाच्या उंडी मुळासकट गेल्या. महिनाभर वीज नव्हती. पोचता आलं तेव्हा मी गेले आणि मागच्या पडवीत उभी राहिले. समोर समुद्र होता! जन्मात पहिल्यांदा मी तो त्या घरातून पाहिला. वहिनी शेजारी उभी होती. म्हणाली, “बघवत नाही गो.”

माझ्या भाच्याला मात्र त्यात वाट दिसली, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्नाला सहा-सात वर्षं लागणार, तोवर खायचं काय? त्याने माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या पाडल्या. त्या भिंतीला याआधी कधी खिडकी नव्हती. मग मला फोन केला. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. “आत्या, मधला पट्टा तसाच मोकळा ठेवू या. समुद्र दिसला तर खोलीला दुप्पट भाव येतो. तू हो म्हण फक्त.”

मी आठ दिवस मागून घेतले. त्याचा हिशेब खरा होता, आणि आजोबांचाही खरा होता. शेवटी सांगितलं, पोफळी कुठे लावायच्या ते तू ठरव, पण टोकाला उंडी आणि केवडा या अंगापासून त्या अंगापर्यंत, मध्ये फट न ठेवता. तो दोन दिवस बोलला नाही. मग रोपं आणली.

आता उंडी माझ्या खांद्याला लागतात. माडीवरून अजून समुद्र दिसतो, उंडीच्या वरून. खोलीच्या पाटीवर त्याने ‘सी व्ह्यू’ असं लिहिलं आहे, आणि ते काही वर्षांनी पुसावं लागणार हे त्यालाही ठाऊक आहे. मागच्या मे महिन्यात ठाण्याहून फोन आला होता, समुद्र दिसतो का म्हणून. वहिनीने घेतला. “दिसतो थोडा. ऐकू पुष्कळ येतो,” म्हणाली. ते लोक आले, चार दिवस राहिले. भाव भाच्याने दुप्पट नाही लावला, रस्त्याकडच्या खोलीपेक्षा तीनशे रुपये जास्त घेतो.