एकबारी

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथल्या टूलरूममध्ये माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. आमच्याकडे येणारी कामे दोन जातींची असत. एक ड्रॉइंगचे काम. कागदावर माप असते, मापापुढे किती थाऊ इकडेतिकडे चालेल ते लिहिलेले असते, वाद नसतो. दुसरे नमुन्याचे काम. गिऱ्हाईक फडक्यात गुंडाळलेला, तेलकट, झिजलेला भाग टेबलावर ठेवते आणि म्हणते, "असाच पाहिजे." बाहेरच्या माणसाला वाटते, हे काम सोपे. ज्याने केले आहे त्याला ठाऊक असते की 'असाच' या शब्दाइतका फसवा शब्द कारखान्यात दुसरा नाही. असाच म्हणजे आज झिजून उरला आहे तसा, की पहिल्या दिवशी होता तसा?

या प्रश्नाच्या मागे लागून मी एका अनपेक्षित विषयापाशी आलो : एकोणिसाव्या शतकातल्या एकबारी नेमबाजीच्या रायफली आणि त्यांच्या आजच्या प्रतिकृती. मी नेमबाज नाही, शिकारीचे तर मला वावडेच आहे. पण लोखंडात लोखंड कसे बसवावे याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे सापडला नाही.

एकबारी म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी. पूर्वीची ठासणीची बंदूक तोंडाकडून भरत. दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची. मागून काडतूस घालायचे तर नळीचे मागचे तोंड उघडता यायला हवे आणि बार उडताना ते घट्ट मिटलेलेही असायला हवे. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्स याने १८४८ साली यावर एक उपाय पेटंट केला. बंदुकीच्या पोलादी सांगाड्यात उभी चौकोनी खाच, तिच्यात वरखाली सरकणारा ठोकळा. खालची तरफ ओढली की ठोकळा उतरतो आणि नळी उघडते. तरफ मिटली की ठोकळा वर येऊन नळीची पाठ धरतो. पुढे जॉन ब्राउनिंग या युटामधल्या तरुण बंदूककाराने १८७९ साली याच तत्त्वावर आपले पेटंट घेतले. विंचेस्टर कंपनीने ते विकत घेऊन १८८५ सालचे आपले प्रसिद्ध मॉडेल काढले.

या बंदुकांचा भाग्योदय झाला तो लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरच्या मैदानावर, २६ सप्टेंबर १८७४ रोजी. आयर्लंडचा संघ विरुद्ध अमेरिकेचा. सहा-सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून प्रत्येकी पंधरा-पंधरा बार. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या मागून भरायच्या. मला यातली गंमत अशी वाटते की खुद्द जॉन रिग्बी आयरिश संघात होता आणि रेमिंग्टनच्या कारखान्यातला एल. एल. हेपबर्न अमेरिकन संघात. आपण घडवलेली वस्तू स्वतः खांद्याला लावून, हजारो लोकांसमोर तपासून घेण्याची छाती किती कारागिरांची असते? एका आयरिश नेमबाजाची गोळी मध्यावर लागली, पण शेजारच्या लक्ष्याच्या मध्यावर. चार गुण गेले. शेवटचा बार अमेरिकेच्या जॉन बोडाइनचा. त्याच्या आधी थोडाच वेळ जिंजर बिअरची बाटली हातात फुटून त्याचा तळवा कापला होता. रुमाल गुंडाळून त्याने बार काढला आणि तो मध्यावर बसला. ९३४ विरुद्ध ९३१.

एवढी कीर्ती होऊनही हा काळ फार टिकला नाही. शार्प्स कंपनी १८८१ साली बंद झाली. अनेकबारी रायफली आल्या, बिनधुराची दारू आली, आणि एकबारी रायफल अडगळीत गेली. यंत्रे मोडीत निघाली, ती चालवणारे हात म्हातारे होऊन गेले. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या जुन्या गावात पेदेरसोली, उबेर्ती ही घराणी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती करू लागली. अमेरिकेत १९७० च्या दशकात शायलो नावाने शार्प्सची प्रतिकृती निघाली, पुढे हा कारखाना मोंटानातल्या बिग टिंबर या छोट्या गावात गेला. १९९० साली 'क्विगली डाउन अंडर' हा चित्रपट आला आणि त्यातल्या नायकाच्या हातची शायलोची लांब रायफल पाहून मागणी वाढली. सिनेमाने कारागिरी वाचवली असे क्वचितच घडते.

मुलाकडे कोलोरॅडोत गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याने अशी एक प्रतिकृती माझ्या हातात दिली. त्याला वाटले मी नेम धरून पाहीन. मी तरफच उघडत-मिटत बसलो. ठोकळा खाली जाताना आवाज नव्हता, खळखळ नव्हती. शेवटच्या थोड्या अंतरात किंचित जड होऊन तो वर बसत होता. ही 'किंचित' मिळवणे म्हणजेच सगळे काम. ठोकळा सैल असेल तर काडतुसाला मागून पक्का आधार मिळत नाही. फार घट्ट असेल तर दुसरीच अडचण येते : काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राख होऊन उरतो, ती फटीत जाते आणि दहा बारांनंतर तरफ हलत नाही. म्हणजे फट किती ठेवायची हे नुसत्या भूमितीवर ठरत नाही, दारूच्या काजळीवरही ठरते. जुने कारागीर ही खाच ब्रोचने आणि कानशीने साधत. आज हेच काम वायरकटने होऊ शकते, भिंती आरशासारख्या समांतर येतात. तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो.

दुसरी गोष्ट रंगाची. चांगल्या प्रतिकृतीच्या सांगाड्यावर निळे, तपकिरी, राखी ढग पसरलेले दिसतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती पाणी देण्याची खूण आहे. कमी कार्बनचे पोलाद हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशाबरोबर लोखंडी पेटीत भरून, तास-दोन तास नव्हे, चांगला वेळ लाल तापवतात आणि बुडबुडे सोडलेल्या पाण्यात एकदम ओततात. कातडी कडक होते, आतला गाभा चिवट राहतो आणि पाण्यातल्या हवेमुळे वर रंग चढतो. आमच्याकडे केस हार्डनिंग रोज होते, पण रंगासाठी कोणी थांबत नाही. स्वस्त प्रतिकृतींवर हेच ढग रसायने लावून काढतात. जाणत्याला फरक कळतो. एका ठिकाणी रंग उष्णतेच्या आणि पाण्याच्या वाटेने गेलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी बोळ्याच्या.

तिसरी गोष्ट पाहून मला हसू आले. दस्त्यालगत उभी राहणारी मागची दृष्टिपट्टी, जिच्यावर अंतराप्रमाणे उंची लावतात, तिच्यावर व्हर्निअरची मोजपट्टी असते. ज्या व्हर्निअरने मी आयुष्यभर भोके आणि शाफ्ट मोजले, तीच. हजार यार्डांवर जड शिशाची गोळी इतकी खाली येते की दृष्टीची उंची केसाएवढी चुकली तरी गोळी काही इंचांनी चुकते.

आता मूळ प्रश्न. मूळ ड्रॉइंग नसेल, हातात शंभर वर्षे वापरलेली बंदूक असेल, तर काय मोजायचे? खाच सगळीकडे सारखी रुंद नसते, ठोकळा जिथे घासला तिथे ती फाकलेली असते. कडा पुसून गोल झालेल्या असतात. जे दिसते तेच जसेच्या तसे करणारा माणूस झिजेची प्रत काढतो. चांगला प्रतिकृतिकार दोन-चार मूळ नमुने शेजारी ठेवतो आणि प्रत्येक मापाला विचारतो, हे घडवणाऱ्याचे की वापरणाऱ्याचे? वाचकांना ही रीत परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा त्यांच्यापुढेही लेखकाचा शब्द कोणता आणि नकलकाराच्या हातून शिरलेला कोणता, हाच प्रश्न होता. या कामाला आपण पांडित्य म्हणतो आणि कारखान्यातल्या त्याच कामाला 'डुप्लिकेट माल' म्हणतो, हे मला कधी पटलेले नाही.

बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने १९७० च्या दशकात १८५३ च्या एनफिल्डची प्रतिकृती केली, ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा भडका उडाला तीच. ती करताना त्यांनी सरकारी नमुनाघरात जपलेली मूळ गेज वापरली. गेज कधी बार उडवत नाही, त्यामुळे बंदुकीसारखे झिजत नाही. बंदुका गेल्या तरी मोजणारी हत्यारे कोणीतरी जपली होती, म्हणून ते शक्य झाले.

नकलेच्या या इतिहासात आपला भाग कुठला, असे कोणी विचारील. पहिल्याच पानावर गोवा आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर थोड्याच वर्षांत आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवले की इथले कारागीर बोहेमियातल्यांच्या तोडीच्या बंदुका करतात. पुढे १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तोड्याच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचल्या. त्या बंदुकांचा घाट गोव्यात घडणाऱ्या बंदुकांचा होता, असे काही अभ्यासक मानतात. तिथल्या लोहाराला नळी जमली, पण नळीचे मागचे तोंड पेचाने बंद करणे जमेना. आतले आटे कसे पाडायचे हे त्याला ठाऊक नव्हते. त्यासाठी त्याने आपली मुलगी परदेशी माणसाला दिली, अशी दंतकथा आहे. मुलीच्या बदल्यात स्क्रूचा आटा! त्याच जपानात, कोची प्रांतातला मिरोकू कारखाना १९७३ पासून ब्राउनिंगच्या एकबारी रायफलीचा नवा अवतार घडवू लागला आणि त्याचे काम जगात नावाजले जाते. नुसते आकार उचलून ही उंची येत नाही, आटा समजून घ्यावा लागतो.

दुसरे पान आग्र्याचे. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइन्याने कंपू उभे केले तेव्हा आग्र्याच्या शस्त्रागारात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतत होता आणि युरोपी घाटाच्या चकमकीच्या बंदुका करवून घेत होता. एक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे, असे नोंदलेले आहे. नाव सँग्स्टरचे राहिले. कानस चालवणारे हात हिंदुस्थानी होते, त्यांची नावे कुठल्या दप्तरात नाहीत. ऑक्टोबर १८०३ मध्ये लेकने आग्रा घेतले आणि ते शस्त्रागार मराठ्यांच्या हातून गेले.

त्यानंतर एक तारीख मी विसरू शकत नाही. क्रीडमूरनंतर चार वर्षांनी, ब्राउनिंगच्या पेटंटच्या एक वर्ष आधी, १८७८ साली लिटनने शस्त्रकायदा आणला. शस्त्र बाळगणे, विकणे, घडवणे, सगळ्याला परवाना. ज्या दशकात तिकडे बंदूककार आपला ठोकळा केसाकेसाने घट्ट करत होता, त्याच दशकात इकडच्या कारागिराच्या हातातून हे काम काढून घेतले गेले. राजकीय परिणामांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हाताचे कसब पिढीतून पिढीकडे जायचे थांबले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाही.

सोलापुरात मात्र नमुना वाचण्याची विद्या दुसऱ्या दाराने आली. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. यंत्रे विलायतेची, तुटलेला भाग तिकडून यायला महिने लागत. गिरणीच्या वर्कशॉपमधले फिटर तो इथेच करू लागले. मी अशा फिटरांच्या शेवटच्या पिढीकडून शिकलो. झिजलेला शाफ्ट २५.२ मिलिमीटर भरला तर नवखा पंचवीस करतो. जुना फिटर म्हणे, "ही मँचेस्टरची मशीन आहे बाबा, हा एक इंच होता." म्हणजे २५.४. आटाही मेट्रिकचा साठ अंशांचा नव्हे, व्हिटवर्थचा पंचावन्न अंशांचा. हा व्हिटवर्थ म्हणजे तोच, ज्याने षट्कोनी नळीची रायफल केली आणि जिचा बार उडवून व्हिक्टोरिया राणीने १८६० साली विंबल्डनच्या नेमबाजीच्या मेळ्याचे उद्घाटन केले. गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा ती यंत्रे वजनावर भंगारात गेली. ती कोणी मोजून ठेवली नाहीत. आमच्या नमुनाघरात कुलूप लावण्यासारखे एकही गेज उरले नाही.

आज सोलापुरात ढाळलेले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत फिरतात, मायक्रॉनची भाषा इथल्या पोरांना पाठ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले, राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणले. ५० मीटरच्या त्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि रायफल नियमानेच एकबारी लागते. आपल्या वरच्या फळीच्या नेमबाजांच्या हाती ती बहुतेक वेळा युरोपात घडलेली असते.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलांना एक काम हमखास देतात, मेल-फिमेल फिटिंग. एका पट्टीत चौकोनी खाच, दुसऱ्या पट्टीला चौकोनी जीभ, दोन्ही कानशीने घासून एकमेकांत बसवायच्या. शार्प्सची रायफल मुळात एवढीच आहे. आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या पोरांकडून मी ते काम पुन्हा करून घेत असे. बसवून झाले की ते उजेडासमोर धरायचे. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की खाली ठेवायचे आणि परत कानस घ्यायची. मग जीभ उलटी फिरवून, चारही बाजूंनी, पुन्हा उजेडासमोर.