कानांनीं केलेली शिरगणती

डोळा आणि कान यांमध्यें चार बोटांचें अंतर आहे असें आपल्याकडे म्हणतात, आणि सत्याला नेहमीं डोळ्याच्या बाजूस बसवितात. इतिहासाच्या वर्गांत आम्हीही वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों, कीं पाहिलेल्याची साक्ष पहिल्या प्रतीची आणि ऐकलेल्याची दुसऱ्या. परंतु अलास्काच्या उत्तर टोंकाशीं, पॉइंट बॅरो येथें, देवमाशांची जी शिरगणती झाली तिची हकीकत वाचल्यापासून हें वाक्य उच्चारतांना आमची जीभ किंचित् अडखळते.

धनुष्यासारख्या वांकलेल्या जबड्यामुळें ज्यास बोहेड हें नांव मिळालें, तो देवमासा वसंतऋतूंत बेरिंग समुद्रांतून निघून बॅरोवरून पूर्वेकडे जातो. १८४८ सालीं टॉमस रॉइस हा अमेरिकन कप्तान बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे गेला, आणि त्याच्या मागोमाग शिकारी गलबतांची रीघ लागली. दिव्यांसाठीं चरबीचें तेल आणि स्त्रियांच्या कंबर आवळणाऱ्या चोळ्यांसाठीं तोंडांतील लवचीक पट्ट्या, एवढ्याकरितां हजारों जीव गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा धंदा बसला तो दयेमुळें नव्हे. पोलादी पट्ट्या निघाल्या आणि फॅशन बदलली म्हणून. किनाऱ्यावरचे इनुपिआत लोक, ज्यांस आपण एस्किमो म्हणत आलों, ते मात्र पूर्वापार आपल्या अन्नापुरती शिकार करीत राहिले.

१९७७ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगानें ही शिकारही बंद ठरविली. शास्त्रज्ञांच्या अंदाजें फार झाले तर दोन हजारच देवमासे उरले होते. इनुपिआतांत मोठा क्षोभ झाला, त्यांनीं स्वतःची संघटना उभारली, आणि डिसेंबरांत आयोगानें पुढील वर्षाकरितां बारा देवमासे पकडण्याची किंवा अठरांवर भाला टाकण्याची परवानगी दिली. कित्येक गांवांच्या हिंवाळ्याची बेगमी या आंकड्यावर टांगलेली होती.

आतां हा अंदाज आला कोठून? बर्फांत जी पाण्याची वाट उघडते, तिच्या कांठीं बसून वर येणारे देवमासे मोजावयाचे, अशी ती रीत. हॅरी ब्राउअर या जाणत्या शिकाऱ्यानें टॉमस अल्बर्ट या शास्त्रज्ञास सांगितलें कीं, या प्राण्यास बर्फाचें भय नाहीं. तो बर्फाखालून जातो, डोक्यानें तो फोडून श्वास घेतो, आणि पुष्कळसे नजरेच्या टप्प्यापलीकडून निघून जातात. अस्सल कागदांपुढें आम्ही बखरींस जी वागणूक देतों, तीच अशा बोलण्यास बहुधा मिळते. अल्बर्टनें मात्र तें कसोटीस लावण्याचें मनावर घेतलें.

१९८० नंतरच्या दशकांत बर्फाच्या कडेनें कांहीं अंतरावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यांतील आवाज टिपणारीं यंत्रें, सोडण्यांत आलीं. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर धांवतो; एकच हांक निरनिराळ्या यंत्रांशीं निरनिराळ्या क्षणीं पोंचते, आणि त्या फरकावरून हांक मारणारा कोठें आहे तें काढतां येतें. तथापि हांका मोजणें म्हणजे देवमासे मोजणें नव्हे. एक वाचाळ दहा वेळां ओरडेल, दुसरा मुकाट्यानें जाईल. म्हणून वेग व दिशा यांच्या आधारें एका मागून एक हांका जोडून मार्ग आंखले, आणि दृष्टीआड किती जातात याचें प्रमाण धरून डोळ्यांनीं केलेली मोजणी सुधारली. पाण्याची वाट मिटलेली, निरीक्षकांची वही कोरी, आणि खालीं मात्र हांका चाललेल्या, असेही दिवस आढळले. शिकारी खरें सांगत होते.

१९९३ चा अंदाज सुमारें ८,००० झाला, २००१ चा दहा हजारांवर गेला, २०११ चा १७,००० च्या घरांत. यांतील कांहीं वाढ खरीच झाली, कांहीं पूर्वीं न दिसलेल्यांची आहे. दोन्ही एकाच खात्यावर मांडणें अन्यायाचें होईल. आयोगाची भीतिही निराधार नव्हती, कारण इतर जातींची त्यानें वाताहत पाहिली होती. आमची तक्रार एवढीच कीं, पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर राहिलेल्यांस प्रथम कोणीं विचारलें नाहीं.

२००७ सालीं अलास्कांत मारलेल्या एका देवमाशाच्या अंगांत जुन्या स्फोटक भाल्याचा तुकडा सांपडला. तो १८८० च्या सुमाराचा ठरला. गलबतांच्या काळचा घाव घेऊन तो प्राणी बॅरोच्या वाटेनें कित्येक वसंत गेला असावा. कांठावरच्या वहींत त्याची नोंद झाली कीं नाहीं कोण जाणे. कदाचित् यंत्रानें त्याची हांक टिपली असेल.