कुलूपबंद चित्र आणि उघडी छत्री

1984च्या सुमारास मुंबईच्या उंच इमारतींमध्ये एक नवा धंदा सुरू झाला. एका खोलीत व्हीसीआर ठेवायचा, त्यात सिनेमाची कॅसेट घालायची आणि जिन्यातून वायर टाकून इमारतीतल्या घराघरांत चित्र पोचवायचं. महिन्याकाठी ठरलेले पैसे घ्यायचे. कॅसेटवर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असा इशारा असायचा; पण चाळीस बिऱ्हाडांची इमारत हे एक घर की चाळीस घरं, याचं उत्तर तेव्हा कुणी ठामपणे देत नव्हतं. पुढच्या चार दशकांत कायद्याने आणि यंत्रांनी मिळून ते उत्तर दिलं, आणि दर वेळी घराची हद्द आक्रसत गेली. इमारतीवरून ती बिऱ्हाडावर आली आणि बिऱ्हाडावरून एकेका टीव्हीवर. ही आखणी शहरातलं घर डोळ्यांसमोर ठेवून झाली. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी, पाड्यापाड्यांत विखुरलेल्या मुलखात ती बसत नाही. तिथे कुलूप नसलेलं प्रक्षेपणच उपयोगी ठरतं, आणि कॉपीराइटच्या मूळ तत्त्वाशीही ते सुसंगत आहे, हे इतिहासाच्याच आधाराने दाखवता येतं.

आधी कायद्याचं पाहू. 1957च्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ हा विषयच नव्हता. 1984च्या दुरुस्तीने व्हिडिओ फिल्म चित्रपटाच्या व्याख्येत आणली, कॅसेटवर मालकाचा तपशील छापणं बंधनकारक केलं आणि चोरीला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. तरीही केबलवाला म्हणे, मी तिकीट लावून खेळ करत नाही. माणसं आपापल्या घरात बसून बघतात. हा युक्तिवाद 1989मध्ये ‘गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने तो फेटाळला. प्रत्येक ग्राहक स्वतःच्या दिवाणखान्यात बसला असला, तरी पैसे भरून जोडणी घेणारे सगळे ग्राहक मिळून जनतेचाच एक भाग होतात. त्यांना सिनेमा दाखवणं घरगुती नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. संसदेने 1994च्या दुरुस्तीत हेच तत्त्व शब्दबद्ध केलं. उपग्रहाने किंवा केबलने एकाहून अधिक घरांत, हॉटेलच्या वा वसतिगृहाच्या राहण्याच्या खोल्यांतसुद्धा, एकाच वेळी चित्र पोचवलं, तर ते जनतेपर्यंत पोचवणं ठरतं. पुढच्याच वर्षी केबल टेलिव्हिजनचा स्वतंत्र कायदा आला. केबलवाल्याला पोस्टात नोंदणी सक्तीची झाली आणि त्याच्या अनौपचारिक धंद्याला पहिल्यांदा चौकट मिळाली.

इथवर हा कायदा मला पटतो. लेखक, संगीतकार, निर्माता यांच्या कामावर दुसऱ्याने महिन्याची वसुली करायची, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. पण या कायद्यानेही एक मर्यादा सांभाळली होती: घराच्या आत काय होतं, तिथे तो शिरला नाही. केबलची वायर एकदा दारातून आत आली, की पुढे तुमचं राज्य. बाहेरच्या खोलीत एक टीव्ही, आतल्या खोलीत दुसरा. मध्ये पाच-दहा रुपयांचा स्प्लिटर. दोन वाटा काढणारा हा डबीएवढा तुकडा सिग्नलची ताकद अर्ध्यावर आणतो. त्यामुळे दुसऱ्या टीव्हीवर थोड्या मुंग्या यायच्या, तिसऱ्यावर जास्त; पण चित्र दिसायचं, आणि परवानगी कुणाकडे मागावी लागत नव्हती.

हे स्वातंत्र्य संपलं ते कुलपाने. कंडिशनल अ‍ॅक्सेस म्हणजे ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणत, त्या पद्धतीत पैसे घेणारी चॅनल सांकेतिक रूपात येतात आणि ती उलगडणारी किल्ली सेट टॉप बॉक्समधल्या कार्डात असते. 2002च्या अखेरीस संसदेने त्यासाठी केबल कायद्यात दुरुस्ती केली. चेन्नईत सप्टेंबर 2003मध्ये कॅस आली. मुंबई, दिल्ली, कोलकात्यात राजकीय विरोध आणि कोर्टकचेऱ्यांमुळे ती अडकली आणि 31 डिसेंबर 2006 रोजी ठरावीक भागांतच लागू झाली. मोफत चॅनलच्या मूळ संचाला 77 रुपये, प्रत्येक सशुल्क चॅनलला 5 रुपये, असा तेव्हाचा दर. मग 2011च्या दुरुस्तीने संपूर्ण देशाची केबल डिजिटल करण्याचं ठरलं: ऑक्टोबर 2012मध्ये चार महानगरं, मार्च 2013मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासह 38 शहरं, 2015च्या अखेरीस उरलेली नगरपालिकांची गावं आणि मार्च 2017पर्यंत बाकी सगळा देश. याचा घरातला परिणाम असा की स्प्लिटर निरुपयोगी झाला. दुसरा टीव्ही म्हणजे दुसरा बॉक्स, दुसरं कार्ड, दुसरं बिल. ही वाढ इतकी बोचली, की जानेवारी 2020मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाला दखल घ्यावी लागली: एकाच घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी जोडणीचं शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. आतल्या खोलीतल्या टीव्हीचा भाव नियामकाने ठरवावा लागणं, हा या इतिहासातला खरा टप्पा आहे. कॉपीराइट कायदा जिथे थांबला होता, त्या उंबऱ्याच्या आत कुलूप पोचलं होतं.

आता हीच मांडणी मोखाड्यात नेऊन पाहू. 1948मध्ये विलीन झालेलं जव्हारचं मुकणे संस्थान आणि शेजारचा मोखाडा हा वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकऱ्यांचा मुलूख. 1 ऑगस्ट 2014ला ठाणे जिल्हा विभागला तेव्हा तो पालघरमध्ये आला. गाव म्हणजे इथे एक वस्ती नसते. डोंगराच्या सोंडांवर, दऱ्यांच्या पलीकडे पसरलेले पाडे मिळून गाव होतं. केबलचा धंदा दाट वस्तीवर चालतो: एका खांबावरून वीस घरं मिळाली तर वायरचे पैसे निघतात. जव्हारच्या किंवा खोडाळ्याच्या बाजारपेठेत ते गणित जुळू शकतं. दरीपलीकडच्या आठ-दहा घरांच्या पाड्यावर जुळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भातकापणी आणि दिवाळी उरकली की इथली असंख्य कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्षातले कित्येक महिने घराला कडी असते. महिन्याच्या रिचार्जवर चालणारा आणि एका पत्त्यावर नोंदलेला बॉक्स अशा घराला काय कामाचा? शहरात भाड्याची खोली बदलणाऱ्या माणसाला जी अडचण वर्षा-दोन वर्षांनी येते, ती इथे दर हंगामाला येते.

म्हणून इथे खरा बदल घडवू शकणारी गोष्ट केबलची नव्हती; 16 डिसेंबर 2004 रोजी सुरू झालेली दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा होती, जिचं नाव पुढे फ्री डिश झालं. सुरुवातीला 33 चॅनल, कसलंही कुलूप नाही, महिन्याचं भाडं नाही. घराच्या मागच्या अंगाला मेढीवर किंवा भिंतीवर छत्री बसवायची, तोंड आग्नेयेला करून थोडं थोडं फिरवत सिग्नल धरायचा, बोल्ट आवळायचा. पुढे कुणाशी हिशेब नाही. सहा महिन्यांनी भट्टीवरून परतलं तरी बॉक्स लावताच चित्र येतं. छत्रीच्या तोंडाशी दोन किंवा चार वाटांचा एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारा तुकडा, लावला, तर त्याच छत्रीवर आतल्या खोलीचा वेगळा बॉक्सही चालतो. पावसाळ्यात मात्र हा मुलूख तिची परीक्षा घेतो. केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात आणि जुन्या अँटेनासारख्या मुंग्या न येता चित्र एकदम चौकटी-चौकटींत गोठतं. तरी 2022पर्यंत दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळे बंद झाल्यावर, पैसे न भरता टीव्ही दिसण्याचा हाच एक मार्ग उरला. देशभरात चार कोटींहून अधिक घरं फ्री डिशवर असल्याचा उद्योगक्षेत्राचा अंदाज आहे.

यावर पहिला आक्षेप निर्मात्यांच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही: कुलूप नसेल तर चोरी होते, आणि चोरीने सिनेमा मरतो. महाराष्ट्राने हा धोका किती गंभीर मानला, ते 2009मध्ये दिसलं. गुंड आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी 1981मध्ये केलेल्या कायद्यात तेव्हा व्हिडिओ पायरेट्सही घातले गेले. पण चोरी आणि एकत्र पाहणं यांत फरक आहे, आणि तो फरक आपल्या कायद्यातच आहे. प्रसारण संस्थेच्या हक्कांविषयीचं कलम 37 म्हणतं की प्रसारण लोकांना दाखवणं हा भंग ठरतो तो शुल्क घेऊन दाखवलं तर. पाड्यावरच्या एका अंगणात वीस माणसं फुकट मॅच बघत असतील, तर त्या कलमाचा भंग होत नाही. हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या प्रेक्षकांपुढे नाटक केलं, तर त्यालाही कलम 52 मोकळीक देतं. ज्या मुलखात बोहाडा या उत्सवातली मुखवट्यांची सोंगं रात्रभर सगळं गाव मिळून बघतं, तिथे एकत्र पाहण्याची ही कल्पना परकी नाही. 2012मध्ये कुलपाविषयीचं कलम 65अ आलं. त्यातही कुलूप तोडणं गुन्हा होतो तो हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. पैसे घेतले का, हेतू काय होता, असं कायदा विचारतो. बॉक्सला हे विचारता येत नाही. तो फक्त कार्ड तपासतो. म्हणून कुलूप नेहमीच कायद्यापेक्षा जास्त अडवतं. अमेरिकेतही हा प्रश्न आला होता. प्रसारणातच नक्कलबंदीची खूण घालून ती प्रत्येक टीव्ही संचाने पाळावी, असा नियम तिथल्या दळणवळण आयोगाने 2003मध्ये केला आणि 2005मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. प्रसारण घरात पोचल्यानंतर संचाने काय करावं, हे ठरवायचा अधिकार आयोगाला नाही, असं कारण देऊन.

मालकाचा मोबदला बुडतो हेही खरं नाही, याचा पुरावा क्रिकेटमध्ये आहे. 2007च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं खासगी कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि त्यातून येणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा किमान 75 टक्के ठेवला. खासगी केबल आणि डीटीएचवाले तेच चित्र दूरदर्शनच्या वाटेने फुकट उचलू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017मध्ये ते थांबवलं: हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या डीटीएचवरच. खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावर सामना दिसावा आणि हक्कधारकालाही पैसे मिळावेत, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसल्या.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. फ्री डिश उघडी असली तरी तिच्यावर काय दिसेल, हे पाड्याच्या हातात नाही. चॅनलच्या जागा लिलावाने जातात. 1 मार्च 2019 रोजी मोठ्या कंपन्यांनी आपली मोफत मनोरंजन चॅनल फ्री डिशवरून एकदम काढून घेतली, आणि वर्षभराने पुन्हा आणली. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही. पण यातून निघतं ते एवढंच, की उघड्या सेवेला चांगला, स्थिर मजकूर लागतो. ती कुलपाआड घालावी, असं यातून निघत नाही. ‘आता सगळं मोबाइलवर आहे’ हा तिसरा आक्षेप दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क शोधणाऱ्याला सांगून पाहावा. शिवाय ओटीटीचं खातंही घराची आणि पडद्यांची संख्या मोजतंच. तिथे बॉक्सऐवजी पासवर्ड आला, एवढाच फरक.

फ्री डिशलाही सांकेतिक कुलूप आणि नोंदलेला बॉक्स लावावा, अशी मागणी अधूनमधून होते. प्रेक्षकसंख्या नेमकी कळेल, जाहिरातीचे दर ठरवता येतील, ही त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. पण त्या मोजणीची किंमत नवा बॉक्स घेऊन आणि त्याची नोंदणी सांभाळून कोण चुकवणार, हे विचारायला हवं. ती किंमत दिवाळीनंतर घराला कडी लावून भट्टीवर जाणाऱ्या माणसावर पडणार असेल, तर प्रसार भारतीने ही मागणी फेटाळावी आणि फ्री डिश आज आहे तशीच बिनकुलपाची ठेवावी.