तारली, टरफले आणि माती

विसाव्या शतकाच्या आरंभी मलबार किनाऱ्यावर तारली मासळीचे अमाप थवे येत. खपून उरलेली मासळी वाळूवर पसरून सुकवीत व नारळाच्या बागांना खत म्हणून घालीत. त्या खतात वाळू मिसळे, शिवाय तेल तसेच राही. तेलकट खत मातीत सावकाश कुजते. १९०५ पासून मद्रास इलाख्यातील मत्स्यव्यवसायाचा अभ्यास करणाऱ्या सर फ्रेडरिक निकल्सन यांनी वेगळी रीत रुजविली: मासळी उकळून दाबावी, तेल निराळे काढावे आणि चोथा वाळवून खत करावे. तेलालाही मोल आले, खतही सुधारले. परंतु माणसाच्या ताटातील अन्न शेतात जातच राहिले.

आज कोळंबीच्या निर्यातीमागे डोकी व टरफले उरतात. ती कोणाच्या ताटातली नव्हेत. टरफलांतील कायटिन मातीतील सूक्ष्मजीव कायटिनेज या विकराने पचवितात आणि त्यातील नायट्रोजन पिकाला मिळतो. अनेक रोगकारक बुरशींच्या पेशीभित्तींतही कायटिन असल्याने या सूक्ष्मजीवांची वाढ त्यांना जाचक ठरू शकते.

निकल्सनच्या काळी खत म्हणजे पिकाचे अन्न होते. आता ते मातीतील जीवसृष्टीचेही अन्न आहे, हे आपण जाणतो.