घोडा, गाय आणि चार मिलिलिटर

परवा भाचीचा फोन आला. पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पक्ष्यांची डॉक्टर व्हायचंय (कोंबड्यांची नव्हे, कोंबड्या भरपूर शिकवतात!). पोपट, घारी, घुबडं. "मामा, इंजिनीअरिंगच्या मैत्रिणींना दर सेमिस्टरला ऐच्छिक विषय निवडायला मिळतात. आम्हाला निवडायला काय, तर कँटीनमध्ये वडा की समोसा!"

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर जुनी वही काढून बसलो. हा अभ्यासक्रम ठरवला कोणी? कुठल्या प्राण्याला किती तास, हे कुठून आलं?

सुरुवात फ्रान्समध्ये. जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा 1762 मध्ये लिऑंला सुरू झाली. कारण सांगितलं होतं गुरांच्या साथीचं, पण काढणारा क्लोद बुर्जला हा तिथल्या घोडेस्वारीच्या अकादमीचा प्रमुख. त्याचा जीव घोड्यात. लंडनचं कॉलेज 1791 चं. त्याचा पहिला प्रमुख सँबेल दोन वर्षांत वारला आणि त्याच्या जागी आला एडवर्ड कोलमन, मूळचा माणसांचा सर्जन. त्याने जवळजवळ पंचेचाळीस वर्षं कॉलेज चालवलं आणि ते मुख्यतः घोड्यांचंच ठेवलं. घोडदळाला घोड्याचा डॉक्टर हवा होता, गाय-मेंढी शेतकऱ्याने आपली बघावी!

आपल्याकडे तेच जहाजातून उतरलं. 1862 मध्ये पुण्यात लष्कराची पशुवैद्यकीय शाळा निघाली. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्सने डेरा इस्माइल खानला सर्रा रोगाचे जंतू शोधले, ते घोड्या-उंटांच्या रक्तात. मुंबईत परळला 1886 मध्ये कॉलेज सुरू झालं. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय तिथे आधीपासून होतंच. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्य. आदल्याच वर्षी ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमधला सर्रा तपासून आलेले.

मग गाय आली, तीही भीतीपोटी. बुळकांडीने गावंच्या गावं बैलांविना व्हायची, शेतसारा बुडायचा. 1889 मध्ये पुण्यात जिवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती पुढे मुक्तेश्वरला गेली. आजची आय.व्ही.आर.आय. म्हणजे तिचाच वारसा. (बुळकांडी 2011 मध्ये जगातून हद्दपार झाली. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग, पण पेपरात त्याचं कौतुक फारसं झालं नाही. असो.) 1970 नंतर दुधाचा महापूर आला आणि गाय-म्हैस अभ्यासक्रमात पक्की ठाण मांडून बसली.

म्हणजे बघा, ज्या काळी ज्या जनावरावाचून सरकारचं अडलं, त्या जनावराचे तास वाढले.

आमच्या वेळी शवविच्छेदनाला टेबलावर रेडकू असायचं आणि हातात सिसनचं पुस्तक. त्यात आधी घोडा सविस्तर, मग बैल 'घोड्यापेक्षा वेगळा कुठे' एवढ्यापुरता. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू साडेतीन लाखांच्या आत आहेत. गाई-बैल सुमारे 19 कोटी, म्हशी 11 कोटी आणि शेळ्या जवळजवळ 15 कोटी. शेळीवर आमच्या वहीत किती पानं? परवा मोजली. अकरा. बाकी सगळं 'गाईप्रमाणेच'.

आता ती गोष्ट, जी घरात फक्त हिला माहीत आहे.

1992 चा उन्हाळा, माझी पहिलीच नेमणूक, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला. एक म्हातारी पदरात करडू घेऊन आली. कुत्र्याने मांडी फाडली होती. टाके घालायचे म्हणून मी बधिरीकरणाचं औषध भरलं, वासराच्या अंदाजाने जरा कमी, चार मिलिलिटर. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असतं. शेळीला किलोमागे पाच-सहा मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. करडू चार किलोचंही नसेल. हिशोब तुम्हीच करा. मी तो रात्री केला, पुस्तक उघडून. तोवर करडू झटके येऊन गेलं होतं. म्हातारी म्हणाली, "तुमी तरी काय करणार सायेब, त्याचं भरलं हुतं." आणि पिशवीतून चार अंडी काढून टेबलावर ठेवली.

बरीच वर्षं मी त्याचं खापर अभ्यासक्रमावर फोडत होतो. मग 1984 चा कायदा आणि त्याखालची 1993 ची नियमावली वाचली. देशभर किमान एकच अभ्यासक्रम, पाचही वर्षं सगळ्यांना सगळं. निवड करायची ती एम.व्ही.एस्सी.ला. तेव्हा रागच आला होता. पण नोंदणी एकच असते. माणसांच्या डॉक्टरला एकच प्राणी, आम्हाला मात्र त्याच एका कागदावर हत्तीपासून सशापर्यंत सगळे. तालुक्याच्या दवाखान्यात दारात काय येईल ते आपण निवडत नाही. अमेरिकेतला माझा वर्गमित्र सांगतो, तिकडे शेवटच्या वर्षांत भरपूर निवड असते, पण परवान्याची परीक्षा सगळ्या प्राण्यांचीच.

खरी गोम पुढेच आहे. मला 1990 मध्ये ऐच्छिक विषय दिले असते तर मी काय घेतलं असतं? वाघ! डोक्यात जंगल होतं. वर्गातल्या निम्म्यांनी कुत्रा घेतला असता, कारण पुण्या-मुंबईत पैसा त्यात. शेळी कोणी घेतली असती? त्या निवडीत माझी अकरा पानंही गेली असती.

हे भाचीला सांगितलं. ती जराही विरघळली नाही. म्हणाली, "मग शेळीची पानं वाढवा ना मामा, आणि मला घुबडंही द्या. दोन्ही का नाही?"

उत्तर सुचलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडे बोलावलंय. बुधवारी बाजार असतो, शेळ्या भरपूर येतात. आणि दवाखान्यामागच्या चिंचेवर पिंगळ्याची जोडी आहे, तीही दाखवीन.